दुभाजकातली वाट

नांदूरमळा, ता. शिरूर
६ नोव्हेंबर २०२५

चि. सतीश यास,
अक्काचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आमची नांदूरमळ्याची आणि पलीकडची बेलदऱ्याची, अशा दोन्ही ग्रामपंचायती मिळून रस्त्याचा दुभाजक नव्यानं करणार, हे नक्की झालं. आमच्या ग्रामसेवकांनी काल स्वतः दारात येऊन सांगितलं. मधल्या चार फूट मातीवरून इतकी वर्षं भांडलेली गावं एका कागदावर सही करणार म्हणून मी त्यांना चहा दिला. चहा पिताना त्यांनी पुढचं सांगितलं. लोकांनी पहारीनं फोडलेल्या सगळ्या वाटा बुजवायच्या आहेत. त्यात आपल्या दारासमोरचीही आली. नकाशा दौंडला तुमच्या हापिसात होणार म्हणे. म्हणजे तुझ्याच टेबलावर.

म्हणून पत्र लिहिते. फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि ऐकत कोणीच नाही.

आमचं घर रस्त्याच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. मळा आणि गोठा पलीकडं, दौंड तालुक्यात. वाट बुजली की दुधाच्या किटल्या घेऊन चौकापर्यंत जायचं आणि वळून यायचं, सकाळ-संध्याकाळ. मी जाईन. मला काळजी तुझ्या दाजींची आहे. जूनमध्ये त्या वाटेवर टेम्पोनं उडवलं तेव्हापासून पायात सळई आहे. डॉक्टर म्हणतात, चाला. हे घरात चालतात, अंगणात चालतात, डांबराच्या कडेपर्यंत जातात आणि माघारी फिरतात. तेव्हापासून त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी मला विचारतात, चंद्रीनं दूध नीट दिलं का, लाथ झाडली का. वाट बुजली तर त्यांना कायमचं कारण मिळेल. पाय बरा होईल, पण माणूस अलीकडंच राहील.

तेव्हा एवढं कर. नकाशात आमची वाट तेवढी राहू दे.

गौतमीला सांग, नवऱ्याच्या ताटात भाकरी कमी वाढत जा. गेल्या खेपेला तो आमच्या खाटेवरून उठताना खाटच त्याच्याबरोबर उठली.

आहे ती माया कमी करू नकोस.
तुझी,
भागुअक्का

दौंड
१० नोव्हेंबर २०२५

ती. भागुअक्का हिस,
सतीशचा सविनय जयभीम.

पत्र पोचलं. गौतमीनं ते मोठ्यानं वाचलं, खाटेचा मजकूर दोनदा. तेव्हापासून मला भाकरीऐवजी काकडी मिळते आहे.

नकाशा माझ्या टेबलावर आहे हे खरं. पण मी आरेखक माणूस, रेघा मारतो. सही साहेबांची असते. आणि रागावू नकोस, ही वाट बुजलेली बरी असंच मला वाटत होतं. दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्याशेजारी बसलो होतो. तू पदर बोटाला गुंडाळत होतीस आणि गुरांना पाणी कोण दाखवील एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होतीस. तसं परत बसायची माझी तयारी नाही.

तुझं पत्र आल्यानंतर साहेबांबरोबर पाहणीला आलो होतो. घरी डोकावलो नाही. बहिणीचा चहा पिऊन नकाशा काढला, असं कुणी म्हणायला नको. वाटेवर उभा राहिलो तर दोन्हीकडचं काही दिसेना. बेलदऱ्याची कण्हेर डोक्याच्या वर, तुमच्या गावाची बोगनवेल तिच्याही वर. टेम्पोवाल्याला दाजी दिसले नसणार आणि दाजींना टेम्पो.

साहेबांचं म्हणणं असं, की दोन्ही अंगांना लांबपर्यंत झुडपं गुडघ्याखाली आणली आणि तशीच राखू असं दोन्ही गावांनी लेखी दिलं, तर वाट रुंद करून, पाटी लावून ती नकाशात घेता येईल. पण छाटणी आधी. पंचवीस तारखेला ते पुन्हा येतील. तोवर झाडी तशीच असली तर सिमेंटचे ब्लॉक बसतील आणि मला काही करता येणार नाही. तुमच्या अनिताबाई सरपंचांना आणि बेलदऱ्याच्या हौसराव सरपंचांना हे हापिसातून कळवलं आहे. ती दोघं कोयता हातात घेतील असं मला वाटत नाही, पण तू आहेस.

दाजींना जयभीम. आमची आठवण असू दे.
तुझा,
सतीश

नांदूरमळा
२० नोव्हेंबर २०२५

चि. सतीश यास,
सप्रेम जयभीम.

चहा न पिता गेलास ते मला माहीत होतं. तुमची गाडी दिसली, मी आधण ठेवलं. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. शेवटी तो चहा शेजारच्या रंभानं प्याला आणि साखर कमी आहे म्हणाली.

आता छाटणीचं ऐक. हद्द दुभाजकाच्या मधोमध जाते हे तुला नकाशावर दिसतं, आम्हाला टँकरवर दिसतं. बेलदऱ्याचा टँकर कण्हेरीला पाणी घालतो आणि नळी आमच्या ओळीकडं वळली की माणूस ती दाबून धरतो. आमचाही तसाच. त्यांची कण्हेर वीतभर वर गेली की आमच्यांनी बोगनवेलीला खत टाकायचं. अशानं झाडं वाढली आणि त्यामागची माणसं दिसेनाशी झाली.

शाळेच्या पटांगणात दोन्ही गावांची बैठक झाली. हौसराव आप्पा तुझ्या दाजींचं नाव घेऊन म्हणाले, म्हाळूला बोगनवेलीनं झाकलं, कण्हेरीनं न्हाई, मग आम्ही का छाटायची. अनिताबाई म्हणाल्या, आम्ही आधी छाटली तर अपघात आमच्यामुळं झाला असं तुम्ही उद्या पाटी लावून सांगाल. मागून कुणीतरी म्हणालं, कण्हेर म्हंजी बेलदऱ्याची मिशी हाय, ती अशी भर बैठकीत कशी काढायची. सगळे हसले आणि मला वाटलं, संपलं, आता ब्लॉक बसणार.

मग मी उभी राहिले. म्हटलं, आप्पा, दोष कुणाचा हे ठरवून माझ्या माणसाचा पाय सरळ होणार नाही. पण त्यांची बोगनवेल एकदा छाटावी असं तुम्हाला किती वर्षं वाटतंय ते खरं सांगा. अनिताबाई, तुम्हीही त्या कण्हेरीकडं कसं बघता ते मला ठाऊक आहे. मग आपापलं कुणीच छाटू नका. त्यांची तुम्ही छाटा, तुमची ते छाटतील, एकाच दिवशी.

मग आप्पांनी टोपी मागं सारली आणि विचारलं, बोगनवेल मुळापासून का गुडघ्यापासून. अनिताबाई घाईघाईनं म्हणाल्या, गुडघ्यापासून.

मंगळवारी छाटणी झाली. इतक्या हौसेनं झालेलं सरकारी काम मी पाहिलं नाही. काट्यांनी हात ओरबाडले तरी बेलदऱ्याची पोरं थांबेनात. आमच्या लोकांनी कण्हेरीच्या फांद्या गुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून लगेच ट्रॅक्टरनं हलवल्या. दुपारी सगळ्यांनी भाकरी मात्र दुभाजकावरच खाल्ली, एक पाय शिरूरमध्ये आणि एक दौंडमध्ये टाकून.

आता दारातून गोठा दिसतो. हे खुर्ची अंगणात ओढून बसतात आणि चंद्रीकडं बघत राहतात. काल म्हणाले, वाळली आहे ती, तू पेंड कमी घालतेस. भांडले म्हणून बरं वाटलं. पण रस्त्याकडं पाऊल अजून नाही.

पंचवीस तारखेला साहेबांना नीट दाखव. तुझ्यावर भरवसा आहे, तो तसाच राहू दे.
भागुअक्का

दौंड
२६ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम.

वाट राहिली. साहेबांनी काल संध्याकाळी सही केली, मी शेजारीच उभा होतो. ते तुमच्या वाटेवर टाचा रोवून उभे राहिले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि म्हणाले, आता दिसतंय.

दोन्ही सरपंचांनी लेखी दिलं आहे. कण्हेर-बोगनवेल काढून सदाफुली आणि लिली लावायची, गुडघ्याच्या वर काही जाऊ द्यायचं नाही, आणि टँकर एकच. नळी कोण धरणार यावर हौसराव आप्पा आणि अनिताबाई बराच वेळ बोलत होते. शेवटी एक महिना यांचा माणूस, एक महिना त्यांचा, असं ठरलं.

दाजींना घाई करू नकोस. वाट आता कुठं जात नाही. आणि पुढच्या खेपेला मी चहा पिणार आहे, साखर बघून घाल.

लोभ आहे, त्यात वाढ व्हावी.
सतीश

नांदूरमळा
३० नोव्हेंबर २०२५

चि. सतीश यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. पत्र हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

आज संध्याकाळी मी किटल्या विसळत होते तर हे काठी घेऊन कडेला गेले. मी मुद्दाम मान वर केली नाही. रंभा तिच्या ओट्यावरून बघत होती, तिनं मागून सांगितलं. उभे राहिले, उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, दोन गाड्या जाऊ दिल्या. मग परत आले आणि मला विचारलं, रिकामी किटली कोणती हलकी, पितळेची का स्टीलची. मी म्हटलं, स्टीलची. म्हणाले, मग ती माझ्याकडं दे, भरलेली तू आण.

पुढच्या सोमवारी दोन्ही गावं मिळून सदाफुली लावणार आहेत, तू ये. आमचं गोठ्यात जाणं मात्र उद्याच आहे. चांगलं उजाडून लांबचं दिसायला लागलं की निघायचं. आधी मी दुभाजकापर्यंत जाऊन थांबायचं, मग त्यांनी यायचं, आणि तिथून पुढं दोघांनी बरोबर, असं त्यांनीच ठरवलं आहे.

असाच जीव लावत राहा.
तुझी,
भागुअक्का