कोऱ्या बाटलीत कोण घालतंय?

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोज लिहिणार. पुरावा लागेल. लॅबमध्ये चोर आहे. नेणारा नाही, घालणारा.

मॅडमचं काम असं: नदीत अमोनिया खतातून आला की गटारातून, ते शोधायचं. आंबट करून ठेवलेल्या पाण्यातला अमोनिया उडवून कागदाच्या आंबट टिकल्यांवर धरायचा. टिकल्या काचेच्या कपाटात वाळवायच्या. मग मशीन त्यातल्या नायट्रोजनचं मूळ गाव सांगतं. एक बाटली मुद्दाम कोरी, नुसतं शुद्ध पाणी. तिच्या टिकलीवर काही सापडता कामा नये. दोनदा सापडलं. मॅडम म्हणाल्या, मावशी, तिसऱ्यांदा झालं तर प्रोजेक्ट बंद. म्हणजे माझा झाडूही बंद.

मंगळवार, ४
संशय मशीनवाल्या टकलूवर. कोऱ्या बाटलीकडे बघून हसतो. हसण्यासारखं काय आहे त्यात? विचारलं तर म्हणे, मावशी, आंबट टिकली फार हावरट, हवेतला अमोनियासुद्धा ओढते. म्हटलं, हावरट कोण ते कळेलच.

गुरुवार, ६
प्लॅन ठरला. कपाटाची काच अशी चकचकीत ठेवायची की बोट लागलं की ठसा उमटलाच. काच पुसायचं निळं लिक्विड स्टोअरमधून जास्तीचं आणलं. डोळ्यांतून पाणी काढतं, म्हणजे अस्सल. दिवसातून तीनदा पुसणार.

शुक्रवार, ७
ठसा नाही. टकलू हातमोजे घालून फिरतो. का बरं?

रविवार, ९
ह्यांना सांगितलं. म्हणाले, चमचा हरवला तेव्हा तू शेजारणीला चोर ठरवलंस, आणि चमचा निघाला पिठाच्या डब्यात. ह्या माणसाला जुनं उकरून काढायची खोडच आहे.

सोमवार, १०
टिकल्या कपाटात वाळत ठेवल्या. पाच वेळा पुसलं. आतूनसुद्धा. टकलूला कडीला हात लावू दिला नाही. तो म्हणाला, वास कसला येतोय? म्हटलं, स्वच्छतेचा. तुम्हाला ओळखीचा नसेल.

गुरुवार, १३, दुपारी ४
कोऱ्या टिकलीवर सगळ्यात जास्त निघालं! मॅडम म्हणाल्या, संपलं, प्रोजेक्ट बंद. मी कपाटाला पाठ लावून उभ्या असलेल्या टकलूवर बोट रोखलं, हाच तो म्हणाले, आणि सहा वर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. तो बाजूला सरकला, माझं बोट काचेवर आपटलं. तो माझ्या बादलीतली निळी बाटली घेऊन मशीनकडे गेला.

६ वाजता
कोऱ्या टिकलीचा आणि निळ्या बाटलीचा आकडा एकच. टकलू म्हणाला, मावशी, ह्या लिक्विडात अमोनियाच असतो, मूळ गाव सापडलं.
आधी दोन्ही वेळा काच मीच पुसली होती. पण तेव्हा आठवड्यातून एकदाच! ते कोणी मोजत नाही.

शुक्रवार, १४
मॅडमनी वरच्यांचे पाय धरून एक शेवटची खेप मिळवली. मला व्हरांडा दिलाय. साधं पाणी, साधं फडकं. लॅबची किल्ली टकलूकडे.

दारातून कपाट दिसतं. काचेवर एक ठसा आहे, ठळक. आठ दिवस ज्याची वाट पाहिली तो.

माझाच. आणि पुसायची परवानगी नाही.