सरांच्या तसबिरीला हार

६ जानेवारी २०२५
पोचले एकदाची. दौंडहून एसटीनं भीमेकाठी उतरले, तर सत्कार समितीचे अध्यक्ष बबनराव ट्रॅक्टर घेऊन हजर. रंगांच्या पेटीसकट मला उसाच्या मोळ्यांवर बसवून मिरवत आणलं. गणितज्ञ गेणबा शितोळे सरांचं तैलचित्र काढायचं आहे, रविवारी सभागृहात अनावरण. विद्यापीठ गाजवून सर गावी परतलेत. समोर बसले की तोंडाला क्षणभर विश्रांती नाही, मूळसंख्या शिकवल्याशिवाय मला सोडणार नाहीत म्हणे. म्हातारा मला फार आवडला.

८ जानेवारी
सभागृहात जुन्या सत्कारमूर्तींची चित्रं आहेत, सगळ्यांना चंदनाचे हार. गेलेली माणसं का, म्हणून विचारलं. बबनराव म्हणाले, "आता गेली. पर हार जित्तेपणीच घातला हाय. मेल्यावर घालून त्यास्नी कुठं दिसतोय?" प्रत्येक जण चित्राला हार घातला त्याच दिवशी गेला, हेही तेच सांगतात. वर म्हणतात, मान मिळाला, तृप्त होऊन गेले.
सर हसले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. मी डोळे रंगवणारच नाही. बिनडोळ्यांच्या चित्राला कोण हार घालतं, बघतेच.

१० जानेवारी
चित्रात डोळे उमटलेत. मी काढले नाहीत. खरवडले, जेवून आले तर पुन्हा, ओले. सरांना ताप भरलाय. बबनरावांना म्हटलं कार्यक्रम रद्द करा, तर म्हणे पत्रिका वाटून झाल्यात. कॅनव्हासला काडी लावली, पेटत नाही. ठीक आहे. हट्टाला मीही कमी नाही.

१२ जानेवारी, सकाळ
आरसा समोर ठेवून सरांच्या चेहऱ्यावर माझा चेहरा रंगवला. म्हातारा सुटला पाहिजे. मी तिशीची, धडधाकट, मला काय होतंय.
हा चेहरा पुसला गेला नाही. राहिला.

दुपार
सर उठून बसले — भाकरी मागितली. जिंकले मी.
हलगी वाजतेय. बबनराव हार घेऊन आत — चित्र बघून कुणी दचकत का नाही? सांगितलं, हे सर नाहीत, ही मी आहे. म्हणाले, व्हय ताई, आता मान तुमचाच —
घाला. भीत नाही मी. गळ्याला गार लागतंय — माझ्या — घालाच, सर तिकडं जेवताहेत, मी अजून