झावळ्यांचा रविवार

प्रिय जीवनदादा,

लॉकडाऊनमुळे तलासरीचं चर्च बंद, म्हणून झावळ्यांचा रविवार आम्ही अंगणातच केला. आई सकाळपासून कुरकुरत होती, "झावळीच नाही, तर प्रभूचं स्वागत कशानं करायचं?"

रविवारी आम्ही चर्चला आणि बाबा ताडी काढायला, हे तुला ठाऊकच आहे. आज ते खजुरीवर चढले, ताडीचं मडकं वरच सोडलं आणि कोवळ्या झावळ्या घेऊन उतरले. मग आमच्यामागून "होसान्ना" असा जयघोष करत घराला फेरीसुद्धा मारली. इतकं बेसूर, की आईला हसता हसता रडू आलं!

तुझी झावळी दारावर खोचली आहे. पत्र मात्र टाकणार नाही. वाचलंस तर तिकडे अडकलायस त्या चिंचणीच्या खोलीतून घरी चालत सुटशील आणि नाक्यावर पोलीस आहेत. फोनवर सांगेन, इकडे काही विशेष नाही.

तुझी धाकटी,
जमना