अमेलियावर तोफ नव्हती

३० मार्च

आजोबा नाही म्हणाले!

सैन्यात नर्स म्हणून माझी निवड झालीय, महिन्याभरात हजर व्हायचंय. पप्पांनी सगळं आजोबांवर सोपवलं – "आबा म्हणतील तसं." मी निर्धास्त होते. आयुष्यभर लढाईतल्या आपल्या दवाखान्याच्या बोटीचं कौतुक सांगत आलेला माणूस! आणि तोच अडवतोय. शंभरी गाठली तरी हट्ट जात नाही.

"बोटीची गोष्ट येगळी व्हती." एवढंच. मग कूस बदलली.

रागानं जेवले नाही. मग भूक लागली, भाकरी खाल्ली.

२ एप्रिल

बोटीचं नाव अमेलिया. आधी साहेब लोकांना आफ्रिकेला न्यायची. नाचायचा हॉल, पियानो, सगळा थाट. दुसऱ्या महायुद्धाची मोठी लढाई लागली तसा पियानो बाहेर काढला, हॉलमध्ये खाटा ठोकल्या. अंगाला पांढरा रंग, हिरवा पट्टा, मोठाले लाल क्रॉस. आजोबा तेव्हा अठराचे, वॉर्डात जखमींची उचल-ठेव करायला.

"गावात आडाला शिवू देत नव्हते. अन् तिथं मोठमोठ्या घरचे शिपाई माझ्या हातनं पाणी प्यायचे. जात इचारायला सवड कुणाला?" हे सांगताना त्यांची मान अजून ताठ होते.

लढाईनंतर अमेलिया पुन्हा माणसं नेऊ लागली, हजचे यात्रेकरू नेले. शेवटी भंगारात तोडली. आजोबा अजून हळहळतात. किती जणांच्या उपयोगी पडली! खरंच हेवा वाटतो तिचा.

५ एप्रिल

सुचलं! फटाक्यांच्या गावात, तेरखेड्यात राहून इतके दिवस सुचू नये म्हणजे कमालच माझी!

चौदा एप्रिलच्या जयंतीची आतषबाजी दरसाल राजशेखरकाकांच्या कारखान्यातून येते. यंदा अमेलिया करायची – बांबूची चौकट, तिच्यावर रंगीत उजेडानं जळणाऱ्या दारूच्या नळ्या. आजोबा बघतील आणि विरघळतील. काका तर खुशीनं उडालेच. "पोरी, असली बोट करतो की लोक तोंडात बोट घालतील!"

पप्पा म्हणाले, "आबांना लाडीगोडी चालत नाही." बघू या.

९ एप्रिल

आजोबा खाटेवरून काकांना फोनवर हुकूम सोडतायत. "क्रॉस मोठा करा. इमानातनं दिसाय पायजे!" लई खूश आहेत. म्हणून पुन्हा विचारलं.

"न्हाय."

पण आज कारण सांगितलं. बाकीची जहाजं रात्री दिवे मालवून लपत जायची. अमेलिया तेवढी सगळे दिवे लावून, उघडी. क्रॉस बघून दुश्मन सोडून द्यायचा. "अन् आता? टीव्हीवर बघतीस न्हवं? दवाखान्यावरच बाँब टाकायलेत. तुला कोण सोडंल?"

मला भीती वाटतच नाही असंही नाही. तरी जायचंय.

१३ एप्रिल

घोटाळा! आजोबांना रिक्षातून चौकट बघायला नेलं. काकांनी बोटीला दोन्ही अंगांनी तोफा बसवलेल्या! आपल्या पदरचं दारूकाम घालून, प्रेमानं.

"लढाईचं जहाज हाय, अन् बार न्हाय? लोक मला शिव्या घालतील की!" काकांचंही खरंच. आवाज झाल्याशिवाय आमच्या गावाला सण गोड लागत नाही.

आजोबा रिक्षातूनच ओरडले. "काढा ती! एक जरी तोफ दिसली असती तर आमी समदे तळाला गेलो असतो. दवाखान्याच्या बोटीवर हत्यार ठेवत न्हाईत, राजशेखर!"

काकांनी कान पकडले. माणसं लगेच तोफा काढायला लागली.

१५ एप्रिल

काल लिहायला जमलं नाही.

मिरवणूक संपली, मैदानातले दिवे बंद केले आणि अमेलिया पेटली. पांढरी, हिरवी, लाल! नुसता उजेड, आवाज नाही. अख्खा तेरखेडा गप्प! आजोबांच्या गालावरून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

आणि धाडकन बार!

घाईत मागच्या बाजूची एक तोफ राहून गेली होती. काका तिच्याजवळच उभे. मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. लोक पळाले. जे थांबले ते ओरडायला लागले – टूथपेस्ट लावा, शाई ओता! मी सगळ्यांना ढकललं. काकांच्या हातातलं कडं उतरवलं, पाण्याच्या टाकीचा नळ हातावर सोडला, तो धरूनच ठेवला. "काका, माझ्याकडं बघा, चौकटीकडं बघू नका." अँब्युलन्स येईपर्यंत बोलत राहिले. डोक्यावर बांबू जळत होते म्हणे. ते पप्पांनी मागाहून सांगितलं, चिडून.

काका बरे आहेत. मूठ वळता येते.

आजोबा कालपासून नुसते माझ्याकडं बघत बसतात. त्या बारानं माझी आशा संपवली.

१६ एप्रिल

सकाळी आजोबांनी पप्पांना अंगणात सतरंजीवर आडवं केलं. पप्पा कामावर जायच्या कपड्यांत, गुमान पडून. मला हाक मारली.

"ह्यो जखमी. मानंखाली हात घाल. बोट हलतीया, पर त्याला कळू द्यायचं न्हाय. जायचंय न्हवं तुला? मग उचल."