पितळी पट्टीवरचा पत्ता

रविवार, ९ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. गुडघा ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, दुकानातला पंखा अजून कुरकुरतोच. झाली विचारपूस!

आता तुझ्या त्या छोट्या लिंकची बातमी. ती मेली. मागे सुट्टीत आलीस तेव्हा घड्याळाला किल्ली कशी द्यायची, लंबक कसा लावायचा, सगळं माझ्याकडून वदवून घेऊन व्हिडिओ केलास. त्याचा मूळ पत्ता हातभर लांब. तो तू छोटा करून दिलास आणि मी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या दारामागे पितळी पट्टीवर कोरला. खरं सांगतो, सोय झकास होती. चार-सहा अक्षरं, म्हाताऱ्यांनाही टाइप करता यायची. लोक घरबसल्या बघायचे, माझं डोकं खायचे नाहीत. म्हणजे दुकान बंद करून मी तुझ्याकडे यायला मोकळा, हा तुझा बेत.

पण लिंक छोटी करून देणाऱ्या कंपनीनेच गाशा गुंडाळला. व्हिडिओ जागच्या जागी आहे, तिथवर नेणारा रस्ताच गायब. आता तो पत्ता टाकला की गाद्यांची जाहिरात उघडते! मागच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाई घड्याळ कडेवर घेऊन तरातरा आल्या. "किल्ली द्यायची की झोपायचं?" म्हणाल्या. मी पोट धरून हसलो, बाई मात्र हसेनात. मग त्यांना स्टुलावर बसवून किल्ली द्यायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. तू गेल्यापासून दुकानात एवढी बडबड झाली नव्हती बघ. मला फार बरं वाटलं.

तू हळहळू नकोस. कागदावर छापायला तुझी लिंक उत्तमच. बंद पडली तर दुसरा कागद छापावा. पितळेवर मात्र दुसऱ्याच्या भरवशावरचा पत्ता कोरू नये, एवढंच. जावईबापू नवी लिंक करून देतो म्हणाले, त्यांना म्हणावं राहू दे.

माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीचे फोटो पाहिले. पडदे छान आहेत. रंग जरा भडक वाटला. खिडकीतून झाड दिसतं का गं? जाऊ दे, मी विषय टाळतोय हे तुला कळलंच असेल.

परत येणाऱ्या घड्याळांच्या जुन्या पट्ट्या उलटवून मागच्या कोऱ्या बाजूवर मी आता नवं कोरतोय: 'अडलं तर दुकानात या.' असं पितळेवर लिहून दिल्यावर, पोरी, मला दुकानात असायलाच हवं ना?

सुट्टीत ये. भांडायला आलीस तरी चालेल.

तुझा, दुकानातच सापडणारा,
बाबा