बाबांच्या घड्याळाचं नवं मशीन

२ फेब्रुवारी, रविवार

मोडलं! मीच मोडलं.

बाबांचं मनगटी घड्याळ आठवडाभर बंद होतं. घड्याळजीकडे टाकतो म्हणाले, तर मी फुशारकी मारली — दातांच्या लॅबमध्ये वीस वर्षं भिंग लावून लोकांचे दात घडवतेय, मला एवढं जमणार नाही? बाबा हसले. देताना एवढंच म्हणाले, "आतलं काही बदलू नकोस हं. तुझ्या आईने पहिल्या पगारात घेतलंय." आई जाऊन सहा वर्षं झाली.

नुसतं साफ करून तेल द्यायचं होतं. चिमटा निसटला. आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिचा गुंता झाला. सोडवायला गेले तर आणखीच. शेवटी तुटली. बाहेरून बाबा — "काय डॉक्टरीणबाई, पेशंट कसा आहे?"

"बरा आहे," म्हणाले मी.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्याच मापाचं नवं मशीन मागवलं. कोणाला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बसवलं. रजा टाकून, बाबा वाचनालयात गेलेले असताना, खोलीला आतून कडी लावून. चोरासारखी.

जुनं मशीन काढलं. डायलच्या मागचे दोन बारीक पाय नव्या मशीनच्या भोकांत बसेनात. ते कापले आणि डायल चिकटवली. आईने घेतलेल्या घड्याळाचे पाय कापले! चावीची दांडी लांब पडली, ती कानशीने घासून घासून आखूड केली. मग काटे. दाबताना श्वास रोखून धरला. तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यात जागा जेमतेम राहिली आहे. बारा तास फिरवून बघायला हवं होतं, कुठे अडकतात का ते. पण जिन्यावर बाबांच्या चपला वाजल्या आणि मी झाकण लावून टाकलं.

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. डोळे मिटले. "अगदी तोच आवाज," म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच. मी चहा टाकायला गेले!

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबा कौतुक सांगत सुटलेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना काल सांगितलं, आज पुन्हा. "लेकीने घरी बसून दुरुस्त केलं, एकही भाग न बदलता!" काकू माझ्याकडे बघून हसल्या. मी पिशवी उचलून भाजीला निघून गेले. भाजी घरात होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज वाचनालय पावणेनऊला उघडलं. अकरा वर्षं, निवृत्त झाल्यापासून, बाबा रोज आठच्या ठोक्याला ते उघडतात. एक दिवस चुकलेले नाहीत. आज पायरीवर सात-आठ लोक ताटकळत होते म्हणे.

"घड्याळात आठच वाजले होते," बाबा म्हणाले. मग स्वतःच, "चावी द्यायला विसरलो असेन."

काटे अडकले. मला लगेच कळलं. आणि मी काय म्हणाले? — "होतं असं, बाबा."

५ मार्च, बुधवार

आठवड्यात तिसऱ्यांदा. आज तर दहा वाजता पोचले. वाचनालयाचे चिटणीस घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी नको म्हणाले. "तुमच्याबद्दल आदरच आहे. पण काही दिवस आराम करा." बाबांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

मी दारात उभी. हातात ट्रे. तो घेऊन आत गेले.

९ मार्च, रविवार

दादा आणि वहिनी आले होते. दादाने मला गॅलरीत नेलं. "बाबांचं डोकं पूर्वीसारखं राहिलं नाही. डॉक्टरांना दाखवू या. तुला घरात राहून कळलं नाही?"

कळलं नाही! मलाच तर सगळं कळतंय.

घड्याळावर संशय घ्यायला बाबा तयारच नाहीत. लेकीने दुरुस्त केलंय ना. वहिनीने विचारलं तर म्हणाले, "घड्याळ ठीक आहे. मीच चुकतोय." माझ्यावरचा विश्वास राखायला त्यांनी स्वतःला वेड्यात काढलं. आणि मी माझी अब्रू राखायला त्यांना वेड्यात काढू देतेय. आरशात बघवत नाही.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली. बाबा कॅलेंडरसमोर उभे राहून वार पाठ करताना दिसले. पुटपुटत. परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे.

आता सांगते. शनिवारी सांगते.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

दादाला बोलावून घेतलं, दोघांना समोर बसवलं आणि जुनं मशीन, तुटक्या स्प्रिंगसकट, टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं — चिमटा, कापलेले पाय, काट्यांमधली जागा, महिनाभराचं तोंड शिवून बसणं. रडायचं नाही ठरवलं होतं. रडले.

दादा ताडकन उठला. "त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या गं! आणि तू बघत राहिलीस?"

"हो."

मग तो खाली बसला, आणि त्याच्याच लक्षात आलं. "म्हणजे बाबा ठणठणीत आहेत!" हसायलाच लागला. वहिनीला फोन, चिटणिसांना फोन, डॉक्टरांची वेळ रद्द.

बाबा जुनं मशीन तळहातावर घेऊन बसले होते. मला वाटलं आता बोलतील, आईचं नाव काढतील, आणि माझी तीच लायकी होती. ते म्हणाले, "दात बसवणारी ना तू! घड्याळालाही कवळी बसवलीस." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

१६ मार्च, रविवार

महिन्याभरात पहिल्यांदाच मोकळं वाटलं. घड्याळ उद्या घड्याळजीकडे टाकते. काटे नीट बसवून घेईन. दोष माझा, चिठ्ठी लिहून चिटणिसांनाही कळवलं.

२२ मार्च, शनिवार

घड्याळजींनी काहीच दुरुस्त न करता पाच दिवस ठेवून घेतलं. रोज चावी दिली. दिवसाला फरक चार सेकंद, बस. काटे कुठेही अडकत नाहीत. "सुरेख बसवलंय हो तुम्ही. कधी थांबलंच नसणार. फक्त वापरणाऱ्याला सांगा, चावी द्यायला विसरू नका."

मी दोनदा विचारलं. काहीतरी चुकलं असेलच माझ्याकडून, पुन्हा एकदा उघडून बघा ना.