भिंतीवरचं उलटं स्वस्तिक

प्रिय धनेश,

गेल्या महिन्यात आपण फोनवर बोललो, तेव्हापासून मला तुम्हा बापलेकांचा संशय येतोय. समुद्रातला स्पंज हा प्राणी असतो, त्याच्या अंगात बुरशी राहते आणि त्या बुरशीत तुम्ही तिकडे गोव्यात कॅन्सरवरचं औषध शोधता, हे तू मला कितीदा तरी सांगितलंस. लोणच्याला बुरशी आली की मी अजून तुझ्या नावाने हसते. पण तुझ्या बाबांनी आजवर कधी विचारलं होतं? मिल बंद पडली, सांवेर रोडच्या कारखान्यात चौकीदारी धरली, तसे ते बोलायचेच कमी झाले. आणि त्या दिवशी एसटीडी बूथमध्ये माझ्या हातातून फोन ओढून घेतला, "पर दवाई बनेल कधी रे? जल्दी नाही होणार का?" तू काय सांगितलंस कोण जाणे, फोन ठेवून सरळ घराकडे चालू लागले.

मला वाटलं, ह्यांनाच काही झालंय. वाळलेत किती! चहासुद्धा करता न येणारा माणूस सकाळी पोहे करतो, मला उठू देत नाही, वर डाळिंब सोलून देतो. माझ्या काखेतली गाठ काढली तिचा रिपोर्ट विचारला, तर "सब ठीक आहे" म्हणाले. मीही विश्वास ठेवला. वेडीच मी.

बुधवारी खजरान्याच्या गणपतीला गेलो. देवळामागच्या भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढतात ना, इच्छा पुरी झाली की येऊन सरळ करायचं, ते काढायला हे एकटेच मागे गेले. मी हळूच पाठोपाठ गेले. लग्नापासून मला नुसतं "अगं" म्हणणारे तुझे बाबा भिंतीला कपाळ टेकून "सुलोचनाला, माझ्या सुलोचनाला" एवढंच म्हणत होते. परतताना विचारलं, काय मागितलंत? तर म्हणे, मिल सुरू व्हावी. मिल आता उघडत नाही असं रोज मला ऐकवणारा माणूस हा!

मला राग आला, तुझाही. आजार माझा आणि माहीत तुम्हा दोघांना. तुझ्या औषधाला वर्षं लागतील, तूच म्हणाला होतास. लागू देत, कुणाच्या तरी आईला मिळेल, तू काम सोडू नकोस. पण थोडे दिवस घरी ये आणि मला सगळं कळलंय हे त्यांना सांग. मी विषय काढला की ते डाळिंब सोलायला घेतात. तू सांगितलंस, म्हणजे माझं नाव घ्यायला त्यांना देवळामागे जावं लागणार नाही.

तुझीच,
आई